पुऱ्या फुगल्या: होडीच्या डेकवरचं व्हिनाइल, प्रयत्न दुसरा

मागच्या नोंदीपर्यंत होडी पालथी होती आणि बुडाचं काम संपत आलं होतं. आता ती उताणी आहे, डेक बसलाय, आणि त्या डेकवर व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचं शीट, चिकटवण्यात माझा अख्खा मे महिना गेला. एकदा चिकटवलं, उपटलं, पुन्हा चिकटवलं. दोन्ही वेळा ग्लू तोच आणि हातही तेच. पहिल्यांदा सकाळी लावलं, दुसऱ्यांदा संध्याकाळी. मुख्य फरक एवढाच, पण सगळा घोटाळा तिथेच होता.

नव्यांसाठी थोडक्यात: चौदा फुटी, सपाट बुडाची प्लायची होडी. भुसावळला घरामागच्या पत्र्याच्या शेडबाहेर बांधतोय. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यात पक्षी बघत चांगदेव गावाकडे निवांत वल्हवत जायचं, एवढीच महत्त्वाकांक्षा. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे उघडले की त्या पाण्याच्या वाटेला जायचं नाही, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. घाई मलाच झाली.

डेकला १२ मिमीचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय आहे, मरीन प्लायसाठीच्या आयएस ७१० मानकाचा शिक्का असलेला. त्यावर इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनचे, तीन हात. पहिला हात मी शहाण्यासारखा सकाळी सातला मारला. आपल्याकडे मे महिन्यात जे काही करायचं ते ऊन चढायच्या आत, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. नऊ वाजता बघतो तर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. प्लायच्या पोकळ्यांत हवा असते. ऊन चढलं की लाकूड तापतं, हवा प्रसरण पावते आणि ओल्या इपॉक्सीतून वाट काढत वर येते. हेच काम उतरत्या उन्हात केलं तर लाकूड गार होताना हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. हे मी वाचलं होतं. वाचलं, मान डोलावली आणि सकाळी सातला ब्रश उचलला.

दुसरा हात दुपारच्या जेवणाआधी उरकायला गेलो तो दुसरा मूर्खपणा. अर्धा किलो मिश्रण एकाच डब्यात कालवलं. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सीला लागणारा वेळ साधारण निम्म्यावर येतो, आणि डब्यात ढीग राहिला की त्याची स्वतःची उष्णता आणखी भर घालते. सात-आठ मिनिटांत डबा धुरायला लागला. आई गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालत होती, तिने वरूनच विचारलं की खाली काय जाळतोयस. तेव्हापासून मिश्रण पसरट ट्रेमध्ये आणि एका वेळी दीडशे ग्रॅमच्या वर नाही. तिसरा हात मुकाट्याने संध्याकाळी दिला. आरशासारखा बसला.

एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. इपॉक्सी वाळल्यावर वर कधीकधी तेलकट, मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन भांड्याच्या हिरव्या घासणीने काढायचा आणि मगच ८० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा. आधी पेपर मारला तर तो मेणचटपणा रगडला जातो आणि ग्लू धरत नाही.

आता व्हिनाइल. खास बोटीसाठीचं मला मिळालं नाही. जळगाव म्हणजे प्लास्टिकच्या चटयांचं गाव, तिथे फिरून काहीतरी सापडेल अशी आशा होती. चटया ढीगभर सापडल्या. शेवटी बसच्या बॉडी बांधणाऱ्याकडे काम झालं. बसच्या फ्लोअरिंगचं २ मिमीचं, वर खरखरीत दाण्यांचं शीट. घरातल्या फ्लोअरिंगपेक्षा मजबूत आणि ओल्या पायाला पकडही चांगली. उन्हात किती वर्षं रंग धरेल ते बघू. होडी शेडखालीच राहणार आहे.

ग्लूबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेकजण इथे फसतात. फर्निचरवाले वापरतात ते पिवळं रबरी सोल्यूशन स्वस्त आणि कुठेही मिळतं. गेल्या वर्षी मी त्याने बसायच्या फळीवर व्हिनाइलचा तुकडा लावला होता. एका उन्हाळ्यात तो घसरायला लागला, खाली नुसता चिकट लगदा. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो. तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि असल्या रबरी सोल्यूशनला मऊ करतो. उष्णतेत हे जास्तच वेगाने होतं. पाण्यावर आधारित ग्लू घराच्या आतल्या कामासाठी ठीक, होडीत नको. उरला पॉलीयुरेथेन. त्यातला एका डब्याचा प्रकार हवेतल्या ओलाव्यावर पिकतो, म्हणजे घट्ट होतो. आमच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत, खाली सील केलेला प्लाय आणि वर व्हिनाइल असताना, त्याला ओलावा मिळणार कुठून? म्हणून दोन भाग मिसळायचा घेतला.

पहिला प्रयत्न रविवारी सकाळी साडेसहाला. वर्तमानपत्रांचा साचा करून शीट कापलं, दातेरी पट्टीने ग्लू ओढला, शीट सोडलं, मधून कडेकडे दाबत नेलं. रोलर म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा, आत वाळू, दोन्ही तोंडांना टोप्या. सात किलो भरला, वर माझं वजन. नऊ वाजता डेक इतका देखणा दिसत होता की फोटो काढून भावाला पाठवला.

दुपारी दोनला डेकवर पुऱ्या तळल्या होत्या. हाताएवढे फुगे आणि मधोमध एक लांबलचक वळी, मांजर खाली शिरल्यासारखी. कोरोनात घेतलेली तापमानाची गन आणली. तिची मर्यादा साठपर्यंतच, तिने आकडा दाखवायचं सोडून ‘हाय’ असं लिहिलं. मी गडद सागवानी रंग निवडला होता, त्याचंही हे बक्षीस. उरलेला आठ फुटी तुकडा गच्चीवर बिबड्यांशेजारी पसरून सकाळ-दुपार मोजला: पाच मिलिमीटरचा फरक. म्हणजे गार शीट मी गार प्लायवर बसवलं, ग्लू अजून कच्चा असतानाच ऊन चढलं, शीट लांब झालं. प्लाय तेवढा लांबत नाही. त्या पाच मिलिमीटरनी जायचं कुठे? वर.

शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झालेत, डब्यांच्या कामावर होते. डब्यातही खाली पीव्हीसीचंच शीट असतं. ते कुंपणाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘सकायी कायले चिकटवतो रे भो? ऊन उतरल्यावर लाव नं.’ इपॉक्सीने मला हेच सांगितलं होतं, पण त्या वेळी मी तो इपॉक्सीचा स्वभाव समजलो.

उपटायचं तर ताबडतोब. पॉलीयुरेथेन पूर्ण पिकलं की शीटबरोबर इपॉक्सीही निघते. त्या भर उन्हात ग्लू मऊ होता म्हणून निघालं तरी. तळपायाला फोड आले, शीट ताणून वाया गेलं, ग्लूच्या रेघा खरवडण्यात पुढचे तीन दिवस गेले.

दुसऱ्या प्रयत्नाला फिकट वाळूच्या रंगाचं शीट घेतलं. ते दुपारी चारलाच डेकवर मोकळं अंथरून ठेवलं, म्हणजे शीट आणि प्लाय एकत्रच निवतील. साडेसहाला गनने चाळीस दाखवलं तेव्हा अर्धं शीट मागे गुंडाळून ग्लू ओढायला घेतला, मग दुसरं अर्धं. डब्यावर २५ अंशांना चाळीस मिनिटं लिहिली होती. आम्हाला जेमतेम पंधरा मिळाली, म्हणून काका कालवत होते आणि मी ओढत होतो. कडेला सगळीकडे ४ मिमी फट सोडली, ती नंतर पॉलीयुरेथेन सीलंटने भरली. पाणी निघायची भोकं झाकली जाऊ नयेत म्हणून आधीच त्यांत खुंट्या ठोकल्या होत्या. वर जुन्या गोधड्या आणि वाळूच्या पिशव्या. आणि एक कबुली: पुढचे दोन दिवस केळीच्या रोपांची हिरवी शेडनेट वर ताणून ठेवली. त्यामुळे यशातला किती वाटा संध्याकाळचा आणि किती नेटचा, हे छातीठोक सांगता येणार नाही. मला संध्याकाळचा जास्त वाटतो, काकांना तर शंकाच नाही.

आज नववा दिवस. नेट काढून सात दुपारी उलटल्यात, एकही पुरी नाही. कडेची अॅल्युमिनियमची पट्टी आणि स्टेनलेसचे स्क्रू बाकी आहेत. नाण्याने सगळा डेक ठोकून पाहिला. नाळेजवळ (आमच्याकडे पुढचं टोकच म्हणतात) तळहाताएवढी एक जागा पोकळ वाजते. तिथे बारीक छेद देऊन जाड सुईच्या सिरिंजने ग्लू सोडणार आहे. सिरिंज आणलीय, ऊन उतरायची वाट बघतोय.