हात लावू नये

दुपारी दोनला फ्रिज उघडला आणि उघडाच ठेवून उभी राहिले. घ्यायचं काहीच नव्हतं. वरच्या कप्प्यातल्या काचेच्या बाटलीत काय चाललंय तेवढं बघायचं होतं. सकाळी अकराला तीत एक लिटर पाणी आणि 10 ग्रॅम ग्रीन टी टाकून ठेवला होता. तीन तासांत पाणी फिकट पोपटी झालं होतं. बरीचशी पानं तळाला बसलेली, दोन-चार मधल्यामध्ये लोंबकळत होती, वर जावं की खाली हे अजून न ठरलेल्यासारखी.

बाटली उचलून जरा हलवावी असं फार वाटलं. हलवली नाही.

बरं, हलवली. एकदाच.

गरम ग्रीन टीशी माझं कधी जुळलंच नाही. पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर आलं की मग ओतायचं, हे मला कळून कैक वर्षं झाली. पण उकळी आलेलं पाणी निवेपर्यंत ओट्याशी थांबणार कोण? मी तसंच ओतायची आणि मग तो कडूजहर चहा ‘तब्येतीला चांगला असतो’ म्हणून नाक मुरडत संपवायची. उन्हाळ्यात तर तेही बंद. पंख्याखाली बसून घाम पुसत वाफाळता कप फुंकणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण लांबून.

थंड पाण्यात ही भानगडच नाही. चहाला तुरट-कडू करणारी कॅटेचिन्स आणि कॅफिन, दोघंही उष्णतेचे भुकेले. गार पाण्यात ती नाखुशीने आणि थोडीथोडकीच उतरतात. थिअनिनचं तसं नाही. ते बिचारं गार पाण्यातही सहज येतं, आणि चहातली ती गोडसर, जिभेवर रेंगाळणारी चव बरीचशी त्याची. म्हणजे साखर न घालता गोड लागतो तो काही चमत्कार नव्हे. कडू मंडळी आलीच नाहीत, एवढंच. काही समारंभांचंही असं होतं.

जपानीत या प्रकाराला मिझुदाशी म्हणतात. मिझु म्हणजे पाणी, दाशी म्हणजे काढणं. त्याहून चेंगट प्रकार म्हणजे कोरिदाशी: पानांवर बर्फाचे खडे ठेवायचे आणि ते वितळतील तसतसा थेंब थेंब चहा जमू द्यायचा. त्यासाठी ग्योकुरो उत्तम म्हणतात. हा चहा तोडणीआधी साधारण वीस दिवस आच्छादनाखाली सावलीत वाढवतात, कारण ऊन लागलं की पानातल्या थिअनिनची कॅटेचिन्स होत जातात. थोडक्यात, उन्हात ठेवलं की कडू होतं. माझ्याबद्दलही घरात हेच मत आहे.

कोरिदाशी मी एकदा करून बघितली. बर्फ वितळायच्या आत चार वेळा चमच्याने टोचला.

ही खोड जुनी आहे. सुट्टीतल्या दुपारी आजी आम्हाला बर्फ करायला लावायची, म्हणजे निदान तासभर तरी घरात शांतता राहील असा तिचा हिशेब असावा. ट्रे एकच. एक रांग दादाची, एक माझी. दादा पाणी भरून, ट्रे आत सरकवून मोकळा व्हायचा. मी दर पाच मिनिटांनी दार उघडायची. पाण्यावर पहिली पातळ साय धरली की बोट टेकवल्याशिवाय मला राहवायचंच नाही. ती साय आधी जराशी वाकायची, मग बारीक ‘टिक्’ असा आवाज करून तडकायची आणि फटीतून गार पाणी नखापर्यंत यायचं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ‘अगं, दार उघडत राहिलीस तर बर्फ होणार कधी?’ आजी आतून ओरडायची. संध्याकाळी दादाचे खडे चौकोनी, गुळगुळीत. माझ्या प्रत्येक खड्याला बोटाएवढा खड्डा. आजी मात्र नेमका माझ्यातला एखादा उचलायची आणि डोळे मिटून मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवत बसायची. खड्ड्यात तिचं बोट बरोबर बसायचं, घसरायचं नाही.

परवा पाकिटातला चहा तळहातावर घेऊन पाहत होते. सेंचा या जपानी ग्रीन टीची पानं वाफवून, वळून अगदी सुईसारखी केलेली असतात. ही पद्धत 1738 मध्ये उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी बसवली असं मानतात. हाताने वळायचं तर तासन् तास जातात म्हणे. इतक्या निगुतीने मिटवलेलं पान उलगडायला त्याला चार-सहा तास द्यावेत, एवढी तर माणुसकी हवी. सहा तासांनी गाळायचा, एका दिवसात संपवायचा, बस्स. काम काहीच नाही. तेच अवघड जातं.

तीन वाजता पुन्हा दार उघडलं. मधल्यामध्ये लोंबकळणारी पानं आता तळाला गेली होती. एक उरलं होतं, उभं, देठ खाली. त्याच्याकडे बघत असतानाच दादाला फोन लावला आणि त्या ट्रेची आठवण काढली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘कसला ट्रे? आपण डब्यात करायचो ना बर्फ?’

मी वाद घातला नाही. ग्लास घेतला आणि गाळणं शोधायला लागले. सव्वातीन झाले होते.