दोन शब्द आणि चार दिवस: 'स्पीक अप'चं जर्मन

बाकीची अठरा पानं दीड दिवसात झाली. अडले ते 'स्पीक अप!' या दोन शब्दांवर.

काम एका कारखान्याच्या सुरक्षा-सूचनांचं, इंग्रजीतून जर्मनमध्ये. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर वाक्यावाक्याने सुटा होऊन येतो. शेजारी चित्र आहे का, हे कळत नाही. यंत्रांच्या आवाजात मोठ्याने बोला, असा अर्थ धरून मी 'श्प्रेशेन झी लाउटर!' लिहिलं. फाइल परत आली. शेरा एवढाच: 'चूक'.

मी एजन्सीकडे मूळ पोस्टर मागितलं. पहिल्या दिवशी उत्तरच नाही. दुसऱ्या दिवशी 'क्लायंटला विचारतो'. तिसऱ्या दिवशी उलट मलाच विचारणा, दोन शब्दांना इतका वेळ का? तो राग अजून गेलेला नाही. अहो, दोनच शब्द होते म्हणून तर वेळ लागत होता! लांब वाक्यात अर्थाचा काहीतरी धागा सापडतो, इथे काय धरायचं?

'स्पीक अप'चा दुसरा अर्थ, गप्प न बसता बोला. तोवर मी त्यासाठी एकेक पर्याय तपासत बसले. 'अप'च्या जागी त्याच अर्थाचं जर्मन 'आउफ' लावून भागत नाही. 'आउफश्प्रेशेन' म्हणजे आवाज रेकॉर्ड करणं. 'डेन मुंड आउफमाखेन' म्हणजे अगदी आपलं 'तोंड उघड की'. मित्राला चालेल, पोस्टरवर उद्धट वाटतं. 'झिश त्सू वोर्ट मेल्डेन' हे बैठकीत बोलायला वेळ मागण्याचं. अशा वेळी शब्दकोशातली यादी पुरत नाही. डी डब्ल्यू डी एस हा जर्मन कोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यातली वापराची उदाहरणं वाचा.

चौथ्या दिवशी चित्र आलं. हेल्मेट न घातलेला कामगार, त्याच्याकडे बघणारी सहकारी, आणि वर ओळ: काही धोक्याचं दिसतंय? मिनिटभरात सुटलं. 'श्प्रेशेन झी एस आन!' 'आनश्प्रेशेन' म्हणजे अवघड गोष्ट समोर काढणं. या क्रियापदाला कर्म लागतं. ते कर्म, म्हणजे 'एस' ('ते'), मला वरच्या ओळीने दिलं; तिच्याशिवाय हे वाक्य सुचूनही लिहिता आलं नसतं. फाइल त्याच संध्याकाळी मंजूर झाली, आणि मला खरंच आनंद झाला.

म्हणून पोस्टरचं काम असेल तर चित्र आधी मागा, तेही लेखी, काम स्वीकारण्यापूर्वी.

आणि हो, 'स्पीक अप'पुढे 'फॉर' आलं तर हे काहीच चालणार नाही. कुणाची तरी बाजू घेऊन उभं राहायचं असेल, तर 'झिश फ्यूर येमांडेन आइनझेत्सेन'. त्यात 'श्प्रेशेन', म्हणजे बोलणं, येतच नाही.