फेब्रुवारीचे तीनशे

मी रामदासपेठेत एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. जुलै महिना म्हणजे डबा उघडायलाही वेळ नसतो. त्यात एक कारखानदार क्लायंट आले (आकडे थोडे बदलून सांगते), मागे फाइलींची पिशवी धरून त्यांचा ड्रायव्हर. डायरेक्टर म्हणून पगार १ कोटी, वर शेअर्स विकून ८० लाख फायदा. रिटर्न बघितलं आणि साहेब सुरूच झाले, तीस टक्के टॅक्स भरा, त्यावर १५ टक्के सरचार्ज भरा, तरी टीव्हीवर रोज कोणी ना कोणी म्हणूनच राहिलं की श्रीमंतांवर अजून लावा!

आमचे सर चहा पीत म्हणाले, "भाऊ, संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्येच गेला, वारशावरचा १९८५ मध्ये. आणि हे ८० लाख तर साडेबारा टक्क्यांत बसले, तीस कुठून आणले?"

"अन् संपत्ती कर काढला तेव्हा सरचार्ज २ टक्के वाढवला होता, ते नाही सांगत तुम्ही."

हे मात्र खरं होतं. सर पण गप्प झाले दोन मिनिटं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं मोबाइलवर पगाराची स्लिप माझ्यासमोर धरली. पगार १८ हजार. "ताई, दर महिन्याले दोनशे कापतेत, फेब्रुवारीत तीनशे कापले. काऊन? तो महिना तर अठ्ठावीस दिवसांचाच असते ना!"

मला हसू आलं. म्हटलं दादा, हा व्यवसाय कर, अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे २५०० होतात, घटनेतच याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही असं लिहिलंय. (माझा पगार २४ हजार, पण बायकांना २५ हजारांपर्यंत माफ आहे म्हणून माझे कापत नाहीत, हे काही मी तिथे बोलले नाही.)

त्यानं जरा विचार केला. "मंग साहेबाचे किती कापतेत?"

"तेवढेच. २५००."

कॅल्क्युलेटर हातातच होता, सवयीनं हिशोब झाला. त्याच्या कमाईत लाखाला ११५७ रुपये, साहेबांच्या पगारात लाखाला २५. सरांनी आकडा वाकून बघितला, काही बोलले नाहीत, कप खाली ठेवला.

"म्हणजे फेब्रुवारीत साहेबाचेही तीनशेच?"

साहेबांनीच मान हलवली. मग खिशातून चावी काढून त्याच्याकडे दिली, "चल, गाडी काढ."