कापलेली काडी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असा निरोप आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो आणि बोटांना गोंद लागला होता. 'शाळेने मला काय दिलं' यावर लिहायचंय म्हणे. शाळेने बरंच दिलं असणार. पण मी लिहायला बसलो की सर सोडून दुसरं कोणी डोळ्यांपुढे येतच नाही, त्याला माझा इलाज नाही. कोणते सर, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. प्रयोगशाळेची किल्ली वरच्या खिशात आणि खडूची पूड कोपरापर्यंत, तेच.

1993 साल, आठवी ब. ऐन गणपतीत, 20 सप्टेंबरला, श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही या आपल्या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि उपग्रहासकट सगळं बंगालच्या उपसागरात गेलं. सुट्टी संपल्यावर सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण फळ्यावर डकवलं. रॉकेटची ताकद कमी पडली नव्हती, मधल्या टप्प्यात दिशा सुटली होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. लगेच 30 तारखेच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि रॉकेटचं नाव कोणी काढेना. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मधल्या सुट्टीत मी चिंचेखाली बाण लावला. माझा हिशोब असा, की काडी म्हणजे फुकटचं ओझं. ती अर्धी कापली की बाण दुप्पट उंच जाणार. बाटलीतून तो हातभर वर गेला, गर्रकन वळला आणि थेट प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत. बेडकाची बरणी वाचली, कपाटाला काळा डाग पडला, आणि उरलेलं नळकांडं कोपऱ्यातल्या मोरीत चुर्र करून विझलं. (तो डाग 1996 साली आमची दहावी होईपर्यंत तसाच होता. पुढच्या बॅचच्या कोणी पाहिला असेल तर त्याचा कर्ता मी.)

सर नळकांडं चिमटीत धरून बाहेर आले. मी हात पुढे करून उभा. छडी काही बसली नाही. "काडी कुणी कापली?" एवढंच विचारलं आणि म्हणाले, "शाळा सुटल्यावर थांब. येताना कोरे दोन बाण घेऊन ये."

त्या संध्याकाळी त्यांनी मला बाण दोऱ्याला टांगायला लावला. दोरा सरकवत सरकवत ज्या जागी बाण आडवा, स्थिर राहिला तिथे पेन्सिलीची खूण. मग पुठ्ठ्यातून त्याच मापाचा बाण कापायला लावला, काडीसकट, आणि तो पट्टीच्या धारेवर तोलायला. पुठ्ठा सगळीकडे सारखाच, त्यामुळे त्याचा तोल काडीकडे बराच खाली गेला. "ही खूण वजनाची आणि ही वाऱ्याची," सर म्हणाले. "वारा मागून धरतो म्हणून तोंड पुढे राहतं. आता दोन्ही काड्या काप." कापल्या. दोन्ही खुणा एकमेकींच्या अंगावर आल्या. सरांनी पुढे एक अक्षर सांगितलं नाही. मला मोरी घासायला लावली आणि स्वतः वह्या तपासत बसले. आजकालच्या शाळेत असं झालं असतं तर पालकांना फोन, लेखी माफी आणि व्हॉट्सॲपवर दोन दिवस चर्चा!

आता गॅरेजकडे येतो. गेली एकोणीस वर्षं मी ओहायोत आहे. पंपांच्या कारखान्यात डिझाइन बघतो, हाताखाली अकरा इंजिनिअर आहेत, दोन पेटंटं नावावर आहेत. सरांना हे कळवायचं राहून गेलं, त्याबद्दल पुढे. इकडे पोरं पुठ्ठ्याच्या नळीची रॉकेटं उडवतात. किट दुकानात मिळतं, मोटर वेगळी घ्यायची. मोटर म्हणजे शेवटी आपल्या बाणातली काळी दारूच, पण कारखान्यात दाबून भरून सीलबंद आलेली. तिच्याशी खेळायचं नाही. माझ्या मुलीने एस्टेस कंपनीचं 'बिग बर्था' आणलं. जाड नळी, मोठाले पंख. ते 18 मिलिमीटरच्या मोटरसाठी असतं, म्हणजे फार तर सी जातीची. इथे अक्षर एकाने वाढलं की ताकदीची मर्यादा दुप्पट होते: सीची 10 न्यूटन-सेकंदापर्यंत, डीची 20 पर्यंत. मुलीला अर्थातच डी पाहिजे होती. डी बारा-पाच ही मोटर 24 मिलिमीटरची. लांबी दोन्हींची सारखीच, 70 मिलिमीटर.

म्हणजे काम नुसतं भोक मोठं करायचं, असं मलाही वाटलं. किटमधली आतली बारीक नळी बाजूला ठेवली, 24 ची मोटर बसेल अशी नळी आणली, ती बाहेरच्या नळीत बरोबर मध्यावर धरायला पुठ्ठ्याच्या नव्या चकत्या बसवल्या, मोटर पुढे सरकू नये म्हणून आत कडं आणि मागे निसटू नये म्हणून आकडी. झटका जास्त बसणार म्हणून मी गोंद सढळ हाताने ओतला. सगळं बुडाशी! त्यात सीची मोटर 25 ग्रॅमच्या आसपास असते, डी आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर 43 भरली. म्हणजे वजनाची खूण मागे, वाऱ्याच्या खुणेकडे सरकणार.

मुलगी निघालीच होती मैदानावर. मी म्हटलं, थांब, आधी दोरा आण.

मोटर आणि उतरायची छत्री (पॅराशूट) घालून रॉकेट दोऱ्याला टांगलं, खूण केली. पुठ्ठ्यातून त्याची आडवी आकृती कापून पट्टीवर तोलली. वाऱ्याच्या खुणेची जागा काढायला आज बॅरोमन नावाच्या इंजिनिअरची समीकरणं आहेत, संगणक क्षणात सांगतो. पुठ्ठ्याची रीत त्याआधीची आणि ती जरा जास्तच सावध उत्तर देते. वाऱ्याची खूण वजनाच्या खुणेच्या मागे, नळीच्या जाडीइतक्या, म्हणजे सुमारे 42 मिलिमीटर, अंतरावर हवी. आमचं बोटभरही नव्हतं. अंगणात दोऱ्याने डोक्यावर गरगर फिरवलं तर रॉकेट आडवं होऊन चक्क शेपटीकडून धावायला लागलं. "बाबा, हे उलटं का जातंय?" मी नाकाच्या पोकळीत चिकणमाती दाबली, पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबली. 20 ग्रॅमवर ते शहाण्यासारखं नाक पुढे करून फिरायला लागलं.

उडालं सरळ. आम्ही नियमाप्रमाणे 15 फुटांवर, हातात बटण. मोटर विझल्यावर पाच सेकंदांनी छत्री फुलली आणि शेजारच्या सोयाबीनच्या शेतात उतरताना एक पंख मोडला. मुलीने मोबाईलवर सगळं टिपलं. ते सरांना पाठवावं म्हणून मी भावाकडून नंबर मागितला, तेव्हा कळलं की सर जाऊन दोन वर्षं झाली होती. भावाला वाटलं होतं मला माहीत असेल.

प्रयोगशाळेच्या जागी आता संगणक कक्ष झालाय आणि चिंच रस्तारुंदीत गेली, असंही ऐकलं. संगणक हवेतच. पण मोरी तरी ठेवायची होती.

समारंभाला मी येतोय आणि बिग बर्था घेऊन येतोय. पंख चिकटवलाय. मोटर विमानात नेता येत नाही, त्यामुळे नळीवरच्या पेन्सिलीच्या खुणेवर ते तोलणार नाही, नाक खाली पडेल. कागदाच्या सुरळीत 43 ग्रॅम वाळू भरून बुडात घालावी लागेल. लांब उडीच्या खड्ड्यातली चालेल.