ओळंबा

जुलैच्या पावसात सायकल शिकणाऱ्या माझ्या पोरांना कात्रजच्या घाटात पाठवायचा मला धीर होत नाही. म्हणून पुण्यात पाऊस लागला की आम्ही छपराखाली जागच्या जागी सायकल चालवायचा रोलर काढतो. चौकटीत तीन नळकांडी, मागे दोन, पुढे एक. मागचं चाक दोघांच्या मध्ये बसतं, पुढचं एकट्यावर. मागून पुढच्या नळकांड्यावर रबरी पट्टा घेतलेला असतो, त्यामुळे पॅडल मारलं की दोन्ही चाकं फिरतात. सायकल कशालाच बांधलेली नसते. तोल ज्याचा त्यानं सांभाळायचा. ट्रेनर नावाच्या स्टँडवर मागचं चाक जखडलेलं असतं, तिथे वाकडं पॅडल आणि ताठ खांदे खपून जातात. रोलरवर खपत नाहीत, म्हणून माझा जीव रोलरवर.

सांगलीकडची एक पंधरा वर्षांची मुलगी त्या आठवड्यात शिकत होती. रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकणारी पोर, पण रोलरवर तीन दिवस सारखी पडत होती. भिंतीला कोपर टेकून सुरुवात करायची, आठदहा फेरे झाले की हँडल थरथरायचं आणि पुढचं चाक सटकायचं. मी नेहमीचंच सांगत होतो. चाकाकडे बघू नको, समोरच्या खिडकीकडे बघ. हँडल आवळू नको. वेग सोडू नको, वेग गेला की तोल गेला. ती "हो सर" म्हणून पुन्हा चढायची. चौथ्या दिवशी तिचं कोपर सोललं आणि माझ्या तोंडून निघालं, "लक्ष कुठे आहे तुझं?" ते वाक्य मला आजही टोचतं.

त्या दिवशी तिचे वडील डबा घेऊन आले होते. गवंडीकाम करतात. दाराशी चप्पल काढून उभे होते. ती आणखी दोनदा पडली, तेव्हा हळूच म्हणाले, "सर, एक विचारू का? हे पुढचं चाक ओळंब्यात लागतंय का?"

मी किल्ल्यांचा जुडगा दिला. त्यांनी खिशातल्या दोरीला तो बांधला आणि पुढच्या चाकाच्या आसाजवळून सोडला. किल्ल्या डुलल्या आणि थांबल्या. नळकांड्याच्या मध्यापासून चांगल्या दोन बोटं पुढे.

मी खालीच बसलो. आस नळकांड्याच्या बरोबर वर किंवा किंचित मागे हवा. पुढे गेला तर चाक उतारावर उभं राहतं, हँडल जरा हललं की निसटतं. तिला आदल्याच आठवड्यात मोठ्या मापाची सायकल दिली होती. रोलर मात्र जुन्या, लहान सायकलच्या मापावर राहिला होता. माप बघायचं काम माझं. चार दिवस मी तिच्या नजरेला आणि खांद्यांना दोष देत होतो.

पान्यानं नट सैल केले, पुढचं नळकांडं दोन भोकं पुढे सरकवलं, पट्टा पुन्हा चढवला. दोरी परत सोडली. किल्ल्या आता मध्याच्या थोड्या मागे थांबल्या.

ती चढली. आधी टायर नळकांड्यावर चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे भरकटत होता. मग भटकणं कमी होत होत दोन बोटांच्या पट्ट्यात आलं. खडखड थांबून एकसुरी घरघर सुरू झाली. कोपर भिंतीपासून सुटलं. ते तिच्या लक्षातही आलं नसावं.

"बाळा, चूक माझी होती," मी म्हणालो.

"सर, आत्ता बोलू नका," ती खिडकीवरची नजर न काढता म्हणाली.

अकरा मिनिटं चालवली तिनं. उतरली तेव्हा हनुवटीवरून घाम ठिबकत होता. वडील तोवर नळकांड्याला दोरी गुंडाळून माप घेत होते.

"ह्याची जाडी चार इंची पाइपाएवढीच आहे, नाही का?"

"जवळपास. हे साडेचार इंची आहे."

"आणि आत बेअरिंग?"

"दोन्ही टोकांना."

त्यांनी दोरीला एक गाठ मारली. मग मागच्या दोन नळकांड्यांमधलं अंतर घेतलं, दुसरी गाठ मारली, आणि दोरी नीट घडी करून खिशात ठेवली.