माळावरचे पिवळे फूल: पाथरीच्या ओळखीपर्यंतची टिपणे

३० नोव्हेंबर. मुरमाड माळावर जमिनीलगत पसरलेल्या एका रोपट्याची पिवळी फुले सकाळी साडेनऊला पूर्ण उमललेली दिसली आणि मी वहीत ‘डँडेलियन’ अशी नोंद केली. ती नोंद चुकीची होती. ती मी खोडलेली नाही, कारण कोणत्या पायरीवर घसरलो हे इतर निरीक्षकांना दिसणे मला महत्त्वाचे वाटते.

त्या दिवशी मी केवळ फूल पाहिले होते. हातभिंगाखाली स्तबकातले (एकच फूल वाटणाऱ्या गुच्छातले) प्रत्येक पुष्पक, म्हणजे इवलेसे फूल, जिभेसारखे चपटे आणि टोकाशी पाच बारीक दाते असलेले दिसत होते, मधोमध नळीसारख्या पुष्पकांची चकती नव्हती आणि पान मोडताच पांढरा चीक येत होता. एवढ्यावरून एकदांडी निश्चित बाद होते, कारण तिच्या फुलात मध्ये चकती असते, कडेच्या पाकळ्यांना साधारणतः तीनच दाते असतात आणि तिला असा चीक नसतो. मात्र ही सर्व लक्षणे डँडेलियन, सोंकस आणि पाथरी या तिन्ही पिवळ्या फुलांच्या वनस्पतींतही सारखीच आढळतात, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

९ डिसेंबर. या वेळी गुडघे टेकून खालचा भाग पाहिला. डँडेलियनमध्ये पानांच्या चक्राकार झुबक्यातून पोकळ, पर्णहीन दांडा सरळ वर येतो आणि एका दांड्यावर एकच स्तबक असतो. इथे पानांचा झुबका तसाच होता. पण त्यातून निघालेल्या फांद्या आडव्या पसरून पुन्हा पुन्हा विभागत होत्या आणि एकेका फांदीवर अनेक स्तबक होते. पानांच्या खाचदार कडेला बारीक, पांढरट, कडक दाते होते. ते बोटाला आधी जाणवले, मग दिसले. स्तबकाखालच्या हिरव्या छदांची (पानांसारख्या छोट्या भागांची) किनारही पांढरी आणि पातळ पापुद्र्यासारखी होती. माझ्या मते, फळ नसताना पाथरीकडे बोट दाखवणाऱ्या खुणांमध्ये छदांची ही किनार सर्वांत विश्वासार्ह आहे.

२१ डिसेंबर. फळे धरलेले स्तबक मिळाले. वाऱ्याने तीन म्हाताऱ्या, म्हणजे केसांचा झुपका असलेली फळे, डोळ्यांदेखत उडून गेल्या, म्हणून उरलेल्या काडेपेटीत घालून आणल्या. डँडेलियनच्या फळावर लांब, बारीक चोच असते आणि तिच्या टोकाला केसांची छत्री उघडते. या फळांना चोच नव्हती. मऊ, पांढऱ्या केसांचा झुपका थेट फळाच्या माथ्यावर बसला होता. शिवाय एकाच स्तबकातली बाहेरची फळे खरखरीत, तर आतली फिकट आणि गुळगुळीत निघाली. सोंकसची फळे चपटी असतात आणि त्याच्या खोडावरच्या पानांचे तळाकडचे कान खोडाला कवटाळतात. यांपैकी काहीही इथे नव्हते. तेव्हा कुठे मी लॉनिया प्रोकम्बेन्स, म्हणजे पाथरी, असे नाव लिहिले. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारी. हे विशेषण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने दिले. तेव्हा त्याने ही वनस्पती प्रेनँथिस या प्रजातीत ठेवली होती. लॉनिया या प्रजातीतले आजचे नाव रामय्या आणि राजगोपाल यांनी १९६९ मध्ये दिले.

नाव पक्के झाल्यावर गेल्या दोन हिवाळ्यांतली सात जुनी छायाचित्रे पुन्हा काढली, कारण त्यांतली बहुतेक मी वरून, फुलाच्या अगदी जवळून घेतली होती. तिघांत पसरलेल्या फांद्या आणि छदांची किनार स्पष्ट दिसते, म्हणून ती पाथरी म्हणून ठेवली आहेत. एकात खोडाला कवटाळणारे पान आहे, ते सोंकसकडे गेले. उरलेल्या तिघांत फूल सुरेख आहे, पण फुलाखालचे काहीच दिसत नाही. त्यामुळे त्यांची ओळख मी मागे घेऊन केवळ ‘सूर्यफूल कुल’ एवढीच ठेवली आहे.