म्हैसूर, भाग ९: मधली तोफ

आयएनएस म्हैसूर या आपल्या नौदलाच्या जुन्या क्रूझरचं (मोठ्या तोफांच्या युद्धनौकेचं) १:२०० मापाचं मॉडेल करतोय. गेल्या खेपेला लिहिलं होतं, तिन्ही टरेट (तीन-तीन तोफांचे फिरते बुरूज) झाले, आता फक्त रंग उरलाय. ते मागे घेतो. रविवारी तिन्ही टरेटची तोंडं कटरनं परत उघडावी लागली.

'ए' म्हणजे सगळ्यात पुढच्या टरेटचा वरून घेतलेला एक जुना फोटो मोठा करून बघत होतो. मधली नळी शेजारच्या दोघींपेक्षा आखूड दिसली. सावली असेल म्हणून सोडून दिलं, पण रात्री झोप लागेना. उठून आराखडा काढला. म्हैसूरवरच्या मार्क २३ जातीच्या टरेटमध्ये मधली तोफ ३० इंच मागे बसवलेली असते. तिन्ही तोफा एकदम उडाल्या की शेजारच्या झोतानं मधला गोळा वाटेत भरकटतो, म्हणून. १:२०० ला हे ३.८ मिलिमीटर होतात. माझ्या नऊच्या नऊ नळ्या मात्र एका ओळीत!

नळ्या आपल्या नेहमीच्याच, इंजेक्शनच्या १८ नंबरच्या सुईच्या. आतलं भोक ०.८४ मिलिमीटर, आणि सहा इंची तोफेचं या मापाला ०.७६ येतं. याहून जवळचं मला काही मिळालं नाही. मधली कापून आखूड करा, असं कुणी सुचवेल. पण मुळाकडचा जाडपणा मी टिश्यूचे पदर फेविक्विकनं चढवून आणलाय. पुढून कापली तर निमुळतेपणाच जातो. नळी अख्खीच मागे न्यायला हवी. आणि मागे नेली की ती टरेट फिरवणाऱ्या खिळीवर आपटते.

पहिल्यांदा खिळ घासून बारीक केली, टरेट डुलायला लागला. मग तळ एक पदर जाड केला, तर छतच बसेना. त्यात एका ऑनलाइन दुकानानं १ मिलिमीटर म्हणून पाठवलेला सनबोर्ड (प्लास्टिक फोमचा पत्रा) १.३ भरला. सनबोर्ड घ्यायचा तर इथल्या फ्लेक्सवाल्यांकडून, हातात कॅलिपर धरूनच.

शेवटी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे गेलो. खिळीचं चित्र बघून म्हणाले, "एवढ्याशा खिळीला वर खाच कशाला मारूलासा?" कारण सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पितळेच्या तीन खिळी लगेच काढून दिल्या, वरच्या टोकाला नळीपुरती खाच. टरेट फिरतो, नळी खाचेत निवांत बसते. घरी येऊन 'ए' जोडला तेव्हा पाऊण तास नुसता फिरवत बसलो होतो.

मागच्या भागाखाली कुणीतरी विचारलं होतं, चौथा टरेट कुठे. १९३६ च्या लंडन करारानं क्रूझरला ८,००० टनांची मर्यादा घातली, तरी इंग्रजांनी आपल्या फिजी वर्गाच्या क्रूझरांत बारा तोफा कोंबल्या. दुसऱ्या महायुद्धात वर रडार आणि विमानविरोधी तोफा वाढत गेल्या, वरचा भार झेपेना, म्हणून त्याच वर्गातल्या एचएमएस नायजेरियाचा मागच्या बाजूचा 'एक्स' टरेट पुढे काढला. १९५७ ला ती आयएनएस म्हैसूर म्हणून आपल्याकडे आली, ती नऊ तोफांचीच. त्याआधी, ऑगस्ट १९४२ मध्ये, माल्टाला रसद नेणाऱ्या ताफ्यासोबत असताना इटालियन पाणबुडी ॲक्समचा टॉर्पेडो खाऊनही ती जिब्राल्टरला परतली होती. ताफ्यापुढे उभं राहून मार झेलायचा, हेच क्रूझरचं काम.

त्यावरून एक सुचलं. स्टँडऐवजी समुद्रच करावा का? डिसेंबर १९६१, गोवामुक्तीची मोहीम, कारवारसमोरचं अंजदीव, आयएनएस त्रिशूलचे नौसैनिक बेटावर उतरतायत आणि पाठीशी म्हैसूर. बेळगावात बसून हे नाही करायचं तर कुठलं करायचं? पण मग तळ पाण्यात जाणार, आणि तळाखालच्या चार पंख्यांवर माझे दोन महिने गेलेत. तळ कापणार नाही. पारदर्शक रेझिनचं पाणी ओतून बघतो, आधी एका रिकाम्या डब्यात.

आणि हो, मधल्या तोफेला आता वेगळा आस आहे, म्हणजे ती एकटी वर-खाली होते. खऱ्या टरेटमध्येही तिन्ही तोफा वेगवेगळ्या उचलता यायच्या. 'ए' च्या मागच्या 'बी' ची मधली थोडी खाली ठेवणार, गोळा भरताना असते तशी. जहाजाच्या मागच्या टोकाकडच्या 'वाय' चं तोंड अजून उघडंच आहे.